कळसच्या वस्तीआधीच पंप थांबला

हिवतापाच्या खात्यात डास गोळा करण्याच्या कामावर मी नुकताच लागलो होतो. पन्नासच्या दशकातली गोष्ट. बारामती-इंदापूरकडे घरांच्या भिंतींवर औषध फवारून त्याचा गुण पाहायचा होता आणि माणसं कमी पडत होती. "जातोस का?" म्हणताच मी वळकटी बांधली. पुण्याबाहेर तोवर पाहिलं होतंच काय!

आज तुम्ही मोटारीनं सरळ पोचाल. तेव्हा दौंडला उतरून बारामतीची छोटी गाडी धरायची. इंजिनाला पाणी पाजेपर्यंत लोक खाली उतरून विडी ओढायचे, गप्पा संपल्या की परत चढायचे. पुढे खात्याची जीप आणि कालव्याकडेचा कच्चा रस्ता. दोन्ही बाजूंना हिरवागार ऊस, आणि त्याच पाण्याच्या डबक्यांत डासांची पैदास.

पहिल्यांदा सांगवी गावात एकजण बादलीतला पंप दाबायचा, दुसरा नळीनं भिंत भिजवायचा. भांडीकुंडी आधीच अंगणात काढलेली. एक तात्या दारात उभे राहून म्हणाले, "ढेकणं मरत्याल का, तेवढं सांगा."

"हे डासांसाठी आहे, तात्या."

"मग ढेकणांचं सायब कवा येणार?"

सगळे हसले. दुपारी त्यांच्याच घरी भाकरी, पिठलं आणि डोळ्यांतून पाणी काढणारा ठेचा. पुढे सकाळी बॅटरी घेऊन डास शोधायला गेलो, तर फवारलेल्या भिंतींवर एखादा मुश्किलीनं सापडे. मी हरखून गेलो होतो.

मग कळस. गावातली घरं झाली आणि आम्ही बाहेरच्या धनगरवस्तीकडे वळलो. मेंढरं विकून पाटाच्या कामावर आणि दुसऱ्यांच्या रानात राबणारी ही माणसं. आम्ही येणार म्हणून वस्तीतल्या बायजाबाईनं जातं, मडकी, वाकळा, सगळं घर उन्हात मांडलं होतं. ओट्यावर तिची पोटुशी सून घोंगडीत कुडकुडत बसली होती.

फवारणीवर देखरेख करणारे आमचे साहेब जीपमधूनच म्हणाले, "ही घरं सोडा."

"का वं सायब?" बायजाबाईनं विचारलं. "आमच्या घरात डास न्हाईत व्हय?"

साहेब माझ्याकडे वळले. "सगळीच फवारली तर औषधाचा गुण कळणार कशाशी ताडून? काही घरं तशीच ठेवावी लागतात."

"पण हीच का?"

"गावातले लोक वरपर्यंत तक्रार करतील. ही माणसं कुठे जाणार?"

माझ्या कानांच्या पाळ्या तापल्या. म्हणजे ज्यांना आवाज नाही, त्यांनी तापात कण्हायचं, आणि आम्ही त्याला शास्त्र म्हणायचं! मी तसं बोललोही. साहेबांनी हिवतापाच्या गोळ्यांची पुडी माझ्या हातात कोंबली आणि जीप वळवली. निदान सुनेला तरी मिळाव्यात म्हणून मी ती बायजाबाईला दिली.

काही आठवड्यांनी डास मोजायला पुन्हा कळसला गेलो. बायजाबाईनं दार उघडलं.

"ये बाबा, मोज. तुज्यासाठीच राखल्यात."

तिच्या भिंती डासांनी भरल्या होत्या. सून दिसेना. विचारलं, तर ती म्हणाली, "म्हायेरी गेली. ताप उतरंना. पोर पोटातच गेलं."

मी एकही डास धरला नाही. पिंपळीला आमच्या पथकाच्या मुक्कामावर जाऊन साहेबांना सांगितलं, "त्या वस्तीवर फवारणी झाल्याशिवाय मी कामाला हात लावणार नाही." पंपावरचे दोघे माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. साहेब खूप ओरडले, नोकरीची धमकी दिली. पण आम्हाला काढून टाकलं तर पंप कोण दाबणार? शेवटी वस्ती फवारली गेली. बायजाबाईनं मडकी बाहेर काढली आणि आमच्याकडे पाठ करून बसली. का बघावं तिनं आमच्याकडे?

अशा औषधांनी पुढे पुष्कळ जीव वाचले, हे मी नाकारत नाही. राग औषधावर नाहीच.

पुण्यात परतलो, तेव्हा आळीतले लोक प्रवास कसा झाला म्हणून जमले. छोटी गाडी, ऊस, ठेचा, सगळं रंगवून सांगितलं. मग वस्तीचं सांगितलं. एक शिकलेले गृहस्थ चहाचा घोट घेत म्हणाले, "प्रयोग म्हटला की असं चालायचंच."

मी उठून घरात गेलो. तो प्रदेश बघायला जरूर जा, माणसं जेवल्याशिवाय सोडत नाहीत. पण "चालायचंच" म्हणणारं कुणी भेटलं की आजही माझा आवाज चढतो.

चालायला नको होतं ते.