काकी आधी पोट बघायची

काकी माणसाच्या तोंडाकडे नंतर बघायची, आधी पोटाकडे. सानपाडा गावातल्या तिच्या माशांच्या दुकानात मी पहिल्यांदा शिरलो तेव्हा तिने मला बरोबर मधोमध न्याहाळलं आणि विचारलं, "जेवलास का?" दुपारचे साडेतीन वाजले होते आणि मी खरोखरच जेवलो नव्हतो. तिने काउंटरखालून डबा काढला, तांदळाची भाकरी आणि सुकट पुढ्यात ठेवली, आणि मी काय घ्यायला आलोय हे मी ताट धुऊन ठेवल्यावर विचारलं.

दुकान काचेच्या टाक्यांमधल्या शोभेच्या माशांचं. पण काकी मूळची खाडीकाठच्या कोळ्यांची. सासूच्या मागोमाग पाटी घेऊन तिने पंधरा-वीस वर्षं बाजारात पापलेट, बोंबील विकले होते. मग एक दिवस घराच्या तळमजल्यावरच्या गाळ्यात टाक्या मांडल्या. अख्खी भावकी हसली. काकीचं उत्तर ठरलेलं असे, "मेलेलं मासं इकून हात भरून आलं माझं. आता जरा जिवंत इकून बघते."

विकते म्हणायची खरी, पण विकायची कुठे! नवीन आलेला मासा ती कुणालाही हात लावू द्यायची नाही. दुकानाच्या मागे पडदा लावून तिने एक कोपरा केला होता. तिथे अंधार, शांतता, दोन टाक्या आणि हवेची बारीक बुडबुड. त्या जागेचं नाव बाळंतखोली. आलेला प्रत्येक मासा सव्वा महिना तिथे राहणार, मगच त्याची पाठवणी. गिऱ्हाईक वैतागून म्हणे, काकी, बाकीचे दुकानदार पिशवीतला मासा तसाच देतात. काकी म्हणे, "तर त्यांच्याकडं जा. माझी बाळंतीन सव्वा म्हैना उंबरा वलांडनार नाय."

मी असाच दुसरीकडे जाऊन फसलो होतो. तळोज्याच्या एका कंपनीच्या लॅबमध्ये मी नोकरीला, घरी एकटा, आणि करमणूक म्हणून एक टाकी. तिची काच हिरवी झाली, तेव्हा शेवाळ खाणारे ओटो नावाचे चार मासे आणले. बोटाच्या दोन पेरांएवढा जीव, तोंडाने काचेला चिकटून दिवसभर चरणारा. मी लॅबच्या रुबाबात पाण्याची आम्लता मोजली, आकडा वहीत लिहिला आणि पिशवी टाकीत ओतली. तीन दिवसांत चारही मासे गेले. काकीला मी वही दाखवली. तिने ती उघडलीसुद्धा नाही. "पानी मोजलंस लॅबवाल्या. पोट कोन बघनार?"

मग तिने मला पडद्याआड नेलं, जमिनीवर उताणं झोपवलं आणि लोखंडी घोडीवरच्या टाकीच्या खालून टॉर्च मारला. तळाच्या काचेला चिकटलेल्या ओटोचं पोट खालूनच दिसतं, हे मला तेव्हा कळलं. नवीन आलेल्यांची पोटं खपाटीला गेलेली होती. नदीतून पकडलेला हा मासा विमानं, गोदामं, पिशव्या करत आपल्यापर्यंत येतो, तोवर वाटेत कुणी त्याला खायला घालत नाही. वरून सगळे सारखेच दिसतात. बाजूच्या टाकीतल्या जुन्या माशांची पोटं मात्र भिजल्या साबुदाण्यासारखी टम्म होती. "ह्ये बघ नि ह्ये बघ," ती म्हणाली. माझी सगळी केमिस्ट्री त्या दोन वाक्यांत संपली.

त्यानंतर मी दर रविवारी तिथे जायला लागलो. पिशवीतलं पाणी माशासकट बादलीत घ्यायचं आणि टाकीतून हवेच्या नळीने नवं पाणी त्यात सोडायचं. नळीला गाठ मारायची, म्हणजे धार न पडता थेंब पडतो. दोन-अडीच तास ते थेंब बघत बसायचं. मी गाठ जरा सैल केली की काकीला पाठमोरी असूनही कळे. "घाई हाय तर सुरमई घे नि तळून खा." उपाशी माशाला आल्याआल्या औषध पाजायचं नाही, हा तिचा दुसरा नियम. आधी खायला, मग बाकीचं.

खायला म्हणजे काय, तर दगड. गच्चीत उन्हात पाण्याचं घमेलं, त्यात नदीतले गुळगुळीत गोटे. तीन आठवड्यांत त्यांच्यावर हिरवी साय धरते. तो गोटा टाकीत ठेवायचा, चाटूनपुसून साफ झाला की परत उन्हात. उकडलेल्या दुधीची चकतीही ती द्यायची, पण नवा ओटो दुधी ओळखत नाही, हिरवा दगड ओळखतो. "परक्या गावात पैल्या दिवशी मान्साला आपलंच जेवान लागतं," ती म्हणायची. हे बोलताना ती माझ्याकडे बघायची नाही, पण त्या दिवशी डब्यात तिने कुठून तरी शेंगदाण्याची चटणी आणलेली असायची. मी सांगलीचा.

मग काकीचे गुडघे गेले. ऑपरेशनची तारीख मिळाली आणि नेमके आदल्या दिवशी सकाळी, महिनाभरापूर्वी मागवलेले बारा ओटो येऊन पडले. मुलगा सरळ म्हणाला, "आई, देऊन टाक कोनाला पन. आनि आता बस कर, तिथं मी मोबाईलचं दुकान टाकतो." काकी रिक्षात बसली आणि पिशव्या घेऊन थेट माझ्या घरी आली. स्टुलावर बसून तिने माझ्याकडून नळीला गाठ मारून घेतली, अडीच तास थेंब मोजून घेतले, आणि उठताना म्हणाली, "सव्वा म्हैना तुझ्याकडं. ह्ये जगलं तर मला कळंल, माझ्यामागं कोनतरी हाय. नाय जगलं तर कुबड्या घेऊन मीच दुकानात बसेन, पोरगा काय पन बोलू दे." एवढी मोठी परीक्षा मी बी.एस्सी.लाही दिली नव्हती.

पहिल्या आठवड्यात एक गेला. मी घाबरत फोन केला. काकी म्हणाली, "गेला तो गेला. अकरा हायत ना? त्यांना घाल." काकीसारखंच घमेलं मीही गच्चीत ठेवलं होतं, दगड तयार होते, म्हणून मीही सावरलो. आणि त्याच आठवड्यात सांगलीहून माझी आई आली.

आई आली की घर घासून काढते. दोन दिवसांत भांडी, फरशी, खिडक्या झाल्या, तिसऱ्या दिवशी ती गच्चीत पोचली. संध्याकाळी मी कामावरून आलो तर म्हणाली, "काय रे ती घाण साठवून ठेवली होतीस! सगळे गोटे तारेच्या घासणीनं घासले बघ, आरशागत झाल्यात." मी धावत वर गेलो. घमेल्यात अठरा गोटे पांढरेशुभ्र चमकत होते. मी मटकन खालीच बसलो. आईला वाटलं मला चक्कर आली, आणि तिने साखर-पाणी आणलं.

टाकीतला शेवटचा हिरवा दगड संपत आला होता, दुधीला अजून एकानेही तोंड लावलं नव्हतं. मी दवाखान्यात फोन लावला. काकी ऑपरेशन होऊन पडलेली, आवाज ओढलेला. मला वाटलं, आता खरमरीत ऐकावं लागणार. ती म्हणाली, "आईला काय बोलू नको. स्वच्छ बाई हाय, चांगलं हाय. तुमच्या बिल्डिंगीत मनीप्लांट कोनाकोनाकडं हाय?"

मनीप्लांट नसलेलं घर आमच्या सोसायटीत नव्हतं. आणि तो प्रत्येकाच्या खिडकीत काचेच्या बाटलीत उभा. उन्हातल्या बाटलीला आतून हिरवा थर धरतोच. ज्यांनी पाण्यात खत किंवा औषध घातलं नव्हतं अशांच्या बाटल्या आईने स्वतः घरोघर फिरून मागून आणल्या. अपराधी वाटत होतं ना तिला! वेली आमच्या पातेल्यांत, बाटल्या पाण्याने विसळून एकेक करून टाकीत आडव्या. आई टाकीसमोर मांडी घालून बसली. पाऊण तासाने एक ओटो बाटलीच्या तोंडातून आत शिरला आणि काचेला चिकटून चरायला लागला. "खातंय की रे बारकं!" आई जवळजवळ ओरडलीच. पुढचे पंधरा दिवस टाकीत सोसायटीच्या बाटल्या आळीपाळीने जात होत्या, आणि उन्हात घमेलं पुन्हा हिरवं होत होतं. तोवर त्यांना दुधीही चालायला लागला.

सव्वा महिन्याने काकी वॉकर टेकत आली. खाली वाकता येत नव्हतं, म्हणून टाकी ओट्यावर चढवली होती. मी समोरून टॉर्च धरला, काकीने काचेला नाक लावलं. एकेक मासा पुढच्या काचेला चिकटेपर्यंत थांबत तिने अकराही पोटं बघितली. आई पदर मुठीत धरून उभी होती. सगळी टम्म होती. काकी स्टुलावर बसली, डोळे पुसले आणि मुलाला फोन लावला. "टाक तुझं मोबाईलचं दुकान," ती म्हणाली.

आपण पास झालो म्हणून ते दुकान बंद होणार, हे गेला महिनाभर माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी म्हणालो, "काकी, अजून थोडे दिवस चालवा ना. मी येतो संध्याकाळचा मदतीला." तिने माझ्या दंडाला धरलं. "आता कोनासाठी थांबू रे? पोटं भरलेली हायत." मग आईकडे वळून म्हणाली, "तुमी जेवलात का?"

काकी आता उरणला लेकीकडे असते. माझ्या स्वयंपाकघरात पडद्याआड एक बाळंतखोली आहे, आणि मासे मागायला येणाऱ्यांना मी सव्वा महिना थांबवतो. गच्चीतल्या घमेल्यावर आईने सांगलीला जायच्या आधी खडूने लिहिलं, "हे दगड धुऊ नयेत." खडू पुसला की मी पुन्हा गिरवतो. दर रविवारी सकाळी उरणहून फोन येतो. नमस्कार नाही, खुशाली नाही.

"पोटं?"

"भरलेली आहेत, काकी."

"नि तुझं?"