मोळीखालची कंबर

आमच्या भागात बाईची कंबर दुखायला लागली की ‘काय उचललंस?’ असं कुणी विचारत नाही. ‘पिशवी काढली का?’ असं विचारतात. पिशवी म्हणजे गर्भाशय. ती काढली की कंबर मोकळी होते, पाळी जाते, खाडे पडत नाहीत आणि बाई पुन्हा उसाच्या फडात उभी राहते, ही समजूत गावोगाव घट्ट बसली आहे. माझ्या वहिनीची पिशवी याच समजुतीपायी निघणार होती.

पाडवा झाला आणि दादा-वहिनी ऊसतोडीहून गावी परतले. आमचं गाव नेकनूरच्या पुढे. ट्रॅक्टर दाराशी थांबला, भांडीकुंडी उतरली, दोन्ही लेकरं उड्या मारून उतरली. वहिनी मात्र ट्रॉलीच्या कडेला धरून तशीच उभी. शेवटी दादाने तिला धरून खाली घेतलं. तिची तिशीही झाली नव्हती. पण जमिनीवर बसली की उठताना आधी ओणवी व्हायची, मग दाराची चौकट धरून एकेक पाय सरळ करायची. शिंक येणार असं वाटलं की भिंत शोधायची.

घरचे उपाय सुरू झाले. निरगुडीचा पाला, तव्यावर तापवलेली मिठाची पुरचुंडी, कमरेला आवळून बांधलेलं जुनं धोतर. शेकाने तिला बरं वाटायचं. पण माय म्हणाली, “हालू नको, पडून ऱ्हा,” म्हणून ती आठवडाभर पडून राहिली आणि उठली ती आधीपेक्षा आखडूनच. मग दादा तिला एका खासगी दवाखान्यात घेऊन गेला. तिथल्या डॉक्टरने तिच्या पाठीला हातही लावला नाही. पिशवीला सूज आहे, आज काढली तर बरं, उद्या कॅन्सर झाला तर मला म्हणू नका, एवढं बोलून त्याने दसऱ्याच्या आधीची तारीख दिली.

मी त्या वेळी बीडला शिकत होते. सुट्टीत घरी आले तेव्हा हे सगळं ठरून गेलेलं.

“दोन लेकरं झाली. आता काय काम हाय तिचं?” माय पिशवीबद्दल बोलत होती.

“माय, दुखतंय कुठं आणि कापताय कुठं?”

“लई शिकली तू. माझी काढली तवा तू चौथीत होतीस. मेले का मी?”

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. वडील ऊसतोड कामगारांच्या संघटनेचं गावातलं काम बघायचे. ज्वारीच्या पोत्यांशेजारी पत्रकांचे गठ्ठे असत आणि पाटोद्याच्या बाजारात ते वाटायला मी त्यांच्याबरोबर जायची. अक्षरं जोडायला मी त्याच गुलाबी-पिवळ्या कागदांवर शिकले. ‘आमच्या मागण्या’ हा मथळा मला माझ्या नावाच्या आधी लिहिता येत होता. त्या मागण्या खऱ्या होत्या आणि आजही खऱ्या आहेत. पण त्या सुट्टीत मी जुने गठ्ठे काढून पुन्हा वाचले तेव्हा डोकं तापलं. तोडणीची भाववाढ होती, विमा होता, लेकरांची शाळा होती. कंबर कुठेच नव्हती. नवरा-बायको मिळून एक कोयता धरतात. त्या एका कोयत्यात नवरा ऊस तोडतो आणि बायको तोडलेला ऊस गोळा करते, मोळी बांधते, डोक्यावर घेऊन ट्रकच्या फळीवर चढते. दिवसभर कमरेतून वाकायचं काम जास्त तिचं. तिला जोडीतली अर्धी धरायची आणि तिची कंबर कुठल्याच कागदावर येऊ द्यायची नाही, हा अन्याय आमच्या माणसांनाही दिसला नव्हता.

वहिनीला मी बीडच्या सरकारी दवाखान्यात चल म्हणाले. ती तयार होईना. एस.टी.त बसायचं म्हटलं की तिच्या अंगावर काटा यायचा. मग तिनेच एक अट घातली.

“येते. पण आधी तुमचा पाय लावा, ताई.”

मी पायाळू आहे. पायांकडून जन्मलेली. पायाळू माणसाने पाय लावला की कमरेत भरलेली उसण उतरते, असं आमच्याकडे मानतात. त्यामुळे लहानपणी आमच्या ओट्यावर मोठमोठी माणसं पालथी पडायची आणि मी त्यांच्या पाठीवरून पाय फिरवायची. चकलांब्याहून, म्हणजे वहिनीच्या माहेराहूनही माणसं यायची. दहावीत असताना अंधश्रद्धेवरचं एक पत्रक हाती पडलं आणि मी जाहीर केलं की आजपासून माझा पाय कुणाला मिळणार नाही. गाव चिडलं. “एक लाथ फुकट मिळत होती, ती बी बंद केली पोरीनं,” असं एक म्हातारा पारावर बसून वर्षभर सांगत होता.

“आधी दवाखाना. आल्यावर पाय लावते,” मी म्हणाले.

“खोटं बोलताव.”

“खोटं बोलले तर मायसमोर सांग.”

आम्ही गेलो. तिथल्या बाई डॉक्टरांनी वहिनीला नीट तपासलं, सोनोग्राफी केली आणि पिशवीत काही नाही असं सांगून व्यायामोपचाराच्या खोलीत पाठवलं. तिथे एक तरुण फिजिओथेरपिस्ट होती. तिने वहिनीला उताणं निजवून एकेक पाय सरळ वर उचलायला लावला, तळव्याला टोचलेलं कळतं का ते विचारलं, आणि मग कोपऱ्यातली पाण्याची बादली दाखवून म्हणाली, “ही उचला.”

वहिनीने पाय ताठ ठेवले, कमरेतून वाकली आणि बादली झटक्यात उचलून बाजूला वळली. उचलताना तोंडातून ‘आई गं’ निघालं.

“दिवसातून असं किती वेळा करता?”

“फडात मोजतं कोण?”

मग त्या बाईने समजावून सांगितलं. कमरेचे स्नायू थकलेत, मणक्यांमधल्या गाद्यांवर ताण आलाय. पडून राहू नका, रोज चाला, थोडं थोडं वाढवत न्या. उचलायचं तर गुडघे वाकवून खाली बसायचं, वजन पोटाशी घ्यायचं आणि पायांच्या जोरावर उठायचं. वळताना कंबर पिळायची नाही, पावलं टाकून अख्खं वळायचं. अंथरुणातून उठताना आधी कुशीवर व्हायचं, मग हाताने रेटा द्यायचा. उताणं पडून गुडघे छातीशी घेणं, पाय दुमडून कंबर वर उचलणं, हे सकाळ-संध्याकाळ. आणि पाय बधिर पडला, पायातला जोर गेला किंवा लघवी कळेनाशी झाली तर थांबायचं नाही, त्याच दिवशी यायचं.

वहिनीने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, “मोळी डोक्यावर असती, बाई. पोटाशी कशी धरू?”

फिजिओथेरपिस्टने बादलीतलं अर्धं पाणी ओतून टाकलं. मग म्हणाली, “मग मोळी लहान करा.”

वहिनी हसायला लागली. हसताना कंबर धरत होती तरी थांबेना. “हे मुकादमाला लिहून द्या. आन माझ्या नवऱ्याला बी.”

यात थट्टा होती तेवढंच सत्यही होतं. मोळी केवढी बांधायची, हे आमच्याकडे बाई ठरवत नाही. जाड मोळी ही जोडीची इज्जत असते. ज्याची मोळी जड त्याचा कोयता भारी, आणि ती जड मोळी बायकोच्या डोक्यावर जाते, याचं कुणाला काही वाटत नाही. लहान मोळी म्हणजे खेपा जास्त, ट्रक भरायला वेळ जास्त, टोळीत हसू जास्त.

घरी आल्यावर वहिनी ओट्यावर पालथी पडली. “आता पाय.”

मी तिच्या कमरेवर हलका पाय ठेवला आणि वरून खाली फिरवला. चांगलं वाटलं म्हणाली.

“ते दाबल्यामुळे. कुणीही दाबलं असतं तरी वाटलं असतं.”

“असंल. मला बरं वाटलं, तुमाला त्याचं वाईट कावून वाटतंय?”

मी आणखी एकदा पाय फिरवला. दुसऱ्या दिवसापासून मी रोज सकाळी तिच्याबरोबर खाली सतरंजीवर पडून गुडघे छातीशी घेऊ लागले. लेकरंही आमच्या शेजारी येऊन पडायची आणि पाय वर करून सायकल चालवायची. महिनाभरात ती चौकट न धरता उठू लागली. दुखणं गेलं नव्हतं, पण सकाळी उठताना भीती वाटायची ती गेली.

तारीख मात्र तशीच होती. माय हटून बसली होती. “सरकारी दवाखान्यात फुकट तपासत्यात, त्यांना काय कळतंय?” हा तिचा मुद्दा. मी भांडले, आवाज चढवला, हक्क, शरीर, लूट असे शब्द वापरले. मायने भाकरी थापणं थांबवलं नाही.

वहिनीने मात्र हळूच विचारलं, “आत्याबाई, तुमची काढली तवापसून तुमची कंबर गप हाय का?”

“न्हाई,” माय म्हणाली. मग परातीत हात तसाच ठेवून बसली. “पन ते दुखणं निराळं.”

“निराळं म्हंजी कसं?”

“आधी पिशवीचं हुतं. आता...” माय थांबली. “आता कशाचं हाय, मला काय ठावं.”

दादा दारात बसून हे ऐकत होता. तो उठून आत आला, पाणी प्यायला आणि म्हणाला, “यंदाचा सीझन तसंच जाऊ. दुखलं तर पाडव्याला काढू. दवाखान्यात तसं सांगतो.” मायने मान हलवली. वहिनीनेही हलवली. पुढचे सहा महिने तिच्या पिशवीचा निकाल मोळीवर लागणार होता.

संक्रांतीच्या सुमाराला मी फडावर गेले, लेकरांसाठी लाडू घेऊन. उसाच्या पाचटाने शाकारलेल्या त्यांच्या कोपीत, त्या झोपडीत, सामान टाकून मी बांधावर जाऊन बसले. दादा तोडत होता. वहिनी एक गुडघा जमिनीला टेकून उसाच्या वाढ्यांनी, शेंड्याच्या हिरव्या पात्यांनी, मोळी बांधत होती. तीन-चार मोळ्या झाल्या की उभी राहायची, कमरेवर दोन्ही हात ठेवून मागे वाकायची. थोड्या वेळाने तिने कोयता घेतला आणि दादा मोळ्या बांधायला बसला. ही अदलाबदल त्या दोघांनी आपली आपणच काढली होती, मला कुणी सांगितलीही नव्हती. सगळ्या मोळ्या शेजारच्यांच्या निम्म्या होत्या.

ट्रक लागला तसे टोळीतले गडी सुरू झाले.

“का बे, मोळी बांधतो का बायकोला गजरा?”

“फूल हाय त्याची बायको. कोमेजंल.”

दादा मान खाली घालून बांधत राहिला. मला वाटलं, आता तो चिडून जाड मोळी बांधणार. त्याने तसा हात घातलाही, चार ऊस जास्तीचे ओढले. मग ते बाजूला टाकले.

“माझी बी कंबर दुखती बे,” तो म्हणाला. “गोळी खाऊन तोडतो मी. तू न्हाई खात?”

तो गडी हसला. त्याच्याबरोबर कुणी हसलं नाही. त्याची बायको मोळीवर बसून पाणी पीत होती. ती म्हणाली, “खात न्हाईत कशानं! आन झोपताना मला पाठीवर उभं करत्यात, तुडव म्हन्तेत. ढेकळं फुटल्यावानी आवाज येतोय.” मग सगळा फड हसला आणि तो गडीही ओशाळून हसला.

पुरुषाला पिशवी नाही म्हणून त्याला गोळी देतात, एवढाच फरक. कंबर दोघांची तीच आणि मोळीही तीच. ते मला त्या दिवशी कळलं. इतके महिने मी फक्त वहिनीच्या कमरेबद्दल बोलत होते.

मुकादम ट्रकजवळून ओरडला, “गजरेवाल्यांनो, गाडी आज भरायची का उद्या?”

“तुमी एक मोळी घिऊन फळी चढा,” वहिनी म्हणाली, “मग मी उशीर ऐकून घेते.”

मुकादम काहीतरी पुटपुटत ड्रायव्हरकडे गेला. गाडी उशिरा भरली, पण भरली.

शेवटच्या खेपा चालल्या होत्या तेव्हा वहिनीच्या कमरेला खोचलेला फोन वाजला. हात चिकट होते, म्हणून तिने तो मला धरायला लावला आणि कान जवळ आणला. त्या खासगी दवाखान्यातला माणूस होता. पाडव्यानंतर गर्दी होते, आत्ताच नाव पक्कं केलं तर बरं, असं म्हणत होता.

वहिनीने दादाकडे पाहिलं. दादा तिच्याकडे न बघता म्हणाला, “मला कशाला इचारतीस? तुझी तू सांग.”

“नाव काढून टाका,” ती फोनमध्ये म्हणाली.

“दुखायचं थांबलं का, ताई?”

“दुखतंय थोडं. ते मोळीचं हाय.”

“मग तुमच्या तारखेला दुसऱ्या बाईला घेतो.”

“तिला बी घिऊ नका,” वहिनी म्हणाली. “आधी तिला इचारा, रोज काय उचलती ते.”

मी फोन बंद केला. ती गुडघे वाकवून खाली बसली, मोळी पोटाशी घेतली, आणि दादाने दुसऱ्या बाजूने हात दिला.