लॉनवर मी सोडलेलं पाणी

ही गोष्ट मी कुणाजवळ बोललेली नाही. नवरा आधीच गेला होता, त्यामुळे त्याला सांगायचा प्रश्न आला नाही. लेकाला नाही, सुनेला नाही. देवालाही नाही — तो काय कुणाला जाऊन सांगणार? तुम्हाला सांगते. तुम्ही माझ्या घरात राहत नाही, सकाळी उठून तुमचं तोंड बघायचं नाही, म्हणून जमतंय.

आमचं घर भांडगावजवळ, सोलापूर रस्त्याला लागून. रस्त्यालगतच्या तुकड्यात लग्नाचं लॉन काढायचं माझ्या लेकाच्या, संतोषच्या, मनात आलं. मला ते पटलं नव्हतं. काळी, भारी जमीन. तिथं मी जन्मभर कांदा काढला. तिथं गवत लावायचं, आणि ते जनावराला न घालता त्यावर लोकांनी चपला घालून फिरायचं? शेजारचे आप्पा मला चिडवायचे, "वहिनी, आमी जल्मभर गवत खुरपून फेकलं, आन् तुमी लावाया लागला. म्हैस कवा सोडायची म्हंता?" सगळे हसायचे. मीही हसायचे. हसू खरं नव्हतं.

संतोष पुण्याहून लॉनची माणसं आणणार होता. मनीषा, माझी सून, म्हणाली की अमोल हेच काम करतो. अमोल तिचा धाकटा भाऊ, कवठे येमाईचा. पुण्यात एका बागवाल्या कंत्राटदाराच्या हाताखाली शिकून त्यानं नुकतंच स्वतःचं काम सुरू केलं होतं. मी म्हणाले, सोयऱ्याला काम देऊ नये. कुणी ऐकलं नाही.

काम त्यानं चांगलं केलं. हे आज लिहिते आहे. तेव्हा तोंडातून काढलं नाही.

खड्डे घेऊन त्यात पाणी ओतायचा आणि ते जिरेपर्यंत बघत बसायचा. हरळीची मुळं वेचून काढली. काळ्या मातीवर लाल माती टाकली, रोलर फिरवला, जास्तीचं पाणी एका अंगाला निघून जावं म्हणून उतार दिला. पाइप जमिनीत गाडले. पाणी सुरू केलं की फवारे गवतातून डोकं वर काढायचे, बंद केलं की आत जायचे. पावसाळा सरला तेव्हा तो सगळा तुकडा एकसारखा हिरवा झाला होता. माणसं बघायला यायची आणि मनीषाला म्हणायची, तुझा भाऊ लई हुशार हाय बाई. ती पदर सावरत हसायची. मी ओट्यावर बसून ऐकायची.

तुम्हाला ठाऊक नसेल म्हणून सांगते — आमच्या वस्तीवर पाण्याचं माणूस म्हणजे मी. दारं धरणं म्हणजे पाटाचं पाणी खोऱ्यानं वळवून सरीत सोडणं. ते माझ्यासारखं कुणाला जमत नाही, असं माझे सासरेसुद्धा म्हणायचे, आणि ते कुणाला चांगलं म्हणणाऱ्यातले नव्हते. त्या लॉनला मात्र माझ्या हाताची गरज नव्हती. कळ दाबली की पाणी. एकदा मी एक फवारा वाकून बघत होते, तर अमोल लांबून ओरडला, "मावशी, हात नका लावू. ऊस न्हाई तो." कामावरची माणसं हसली. तो मला खिजवायला बोलला नव्हता. मलाही ते तेव्हाच कळलं होतं. तरी मी ते मनात धरलं.

तुळशीचं लग्न झालं आणि लॉनवरचं पहिलं लग्न ठरलं. अमोलनं आधीच पाणी तोडलं. घरी आला तेव्हा मला मुद्दाम समजावून गेला, "मावशी, गवत जरा सुकल्यावानी दिसंल. दिसू द्या. जमीन कडक झाली पाहिजे, न्हाईतर मांडव आन् माणसं खाली रुततील." मग तो गावी गेला. संतोष आणि मनीषा सामान आणायला पुण्याला गेले. कालव्याला पाण्याचं आवर्तन आलं होतं आणि मागच्या उसाला मी दारं धरून होते.

आता इथं मी इतकी वर्षं स्वतःला एक गोष्ट सांगत आले. की गवत सुकलेलं दिसलं, मला दया आली. की आलेलं पाणी पुढं जाऊ द्यायचं नसतं, हे आमच्या हाडात बसलंय. की म्हातारं माणूस, विसरले. यातलं काहीही खरं धरू नका. दया कसली? त्यानं काय सांगितलं होतं ते मला शब्दन् शब्द आठवत होतं. लॉनला लागून जाणाऱ्या पाटाची कड खोऱ्यानं फोडताना मला ठाऊक होतं की जमीन मऊ होणार. लग्न बिघडावं इतकं माझ्या मनात होतं का? थोडं बिघडावं — इतकं होतं. लोकांनी म्हणावं की पोराला पाण्यातलं कळत नाही. दुपारभर पाणी दिलं, मग कड पहिल्यासारखी लिंपली, वर कोरडी माती टाकली आणि चूळ भरून घरी आले.

वरून ऊन लागलं, वरची माती सुकली. लग्नाच्या दिवशी गवत सुरेख दिसत होतं.

अक्षतांच्या आधीच खुर्च्या रुतायला लागल्या. स्टेज एका बाजूला कललं. बायकांचे पाय घोट्यापर्यंत चिखलात. नवरीची आजी घसरून पडली आणि तिचा हात मोडला. माझ्याच वयाची बाई. मुलीकडचे संतोषच्या अंगावर धावून आले — कुणी केलंय हे काम? अमोल पाहुणा म्हणून आला होता, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून. संतोषनं त्याची कॉलर धरून त्याला सगळ्यांपुढं उभं केलं.

"दाजी, पाणी मी तोडलंय. यंत्र बंद हाय, चला, दाखवतो," तो म्हणत होता. कुणी गेलं नाही. मग तो एकटाच कडेनं फिरून आला. पाटाजवळ थांबलेला मी पाहिला. तो सरळ माझ्याकडं आला आणि हळूच बोलला, "मावशी, पाटाचं पाणी इकडं आलं का? फुटली आसंल कड, चुकून. व्हतं तसं."

चुकून — त्यानंच मला वाट काढून दिली होती. मी नुसतं 'व्हय' म्हटलं असतं तर गोष्ट तिथंच मिटत होती. पाट फुटला, कुणाचा दोष नाही. मी काय म्हणाले, ते ऐका. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माझं दार आजवर कवा फुटलं न्हाई. सोताचं झाकाया म्हातारीचं नाव घेतो व्हय रं?"

सगळ्यांनी माझ्यावर विश्वास ठेवला. का ठेवणार नाहीत?

दुसऱ्या दिवसापासून अमोल आपले पाइप उकरायला लागला. एकही जोड गळत नाही, हे त्याला दाखवायचं होतं. सगळा पाइप उघडा केला. बघायला कुणी फिरकलं नाही. संतोष म्हणाला, आता उकरताना बुजवलं असशील. उन्हात काम करणाऱ्या त्या पोराला मनीषा चहा न्यायला निघाली, तर मी म्हणाले, दूध संपलंय. संपलं नव्हतं. आमच्या दारात वैऱ्यालाही चहा मिळतो.

शेवटच्या दिवशी मनीषा त्याच्याजवळ जाऊन उभी राहिली. मी चुलीपाशी होते, मला ऐकू येत होतं. ती म्हणाली, "अम्या, चुकलं म्हण की. चुकतंय माणूस. आत्या कशाला खोटं बोलत्याल?"

त्यानं तिच्याकडं बघितलं. "तू पण?" इतकंच म्हणाला आणि हत्यारं गोळा केली.

त्यानंतर तो आमच्या घरी आलेला नाही. रस्त्यावरच्या लॉनवाल्यांत बोभाटा झाला, काम मिळेना, त्यानं तो धंदाच सोडला. रांजणगावकडं एका कंपनीत मशिनवर आहे, असं कानावर आलं. भाऊबीजेला मनीषा ओवाळणीचं ताट तयार करायची पहिली काही वर्षं. मग चंद्राला ओवाळायला लागली. आणि मी? मी गप्प बसले असते तरी एक वेळ चाललं असतं. मी तिला टोमणे मारले. भाजीत पाणी जास्त झालं की म्हणायची, भावाच्या हातचं दिसतंय. तिला वाटायचं, आपल्या माणसानं खरंच नुकसान केलंय, ऐकून घेतलं पाहिजे.

पुढं संतोषनं पुण्याची माणसं आणून लॉन नव्यानं लावलं. त्यांचा मुख्य माणूस मला म्हणाला, "आजी, खालचं काम पक्कं आहे, पाइप आम्ही तेच ठेवतोय. मालकांना सांगा." संतोष दौंडला गेला होता. तो आल्यावर मी त्याला जेवायला वाढलं. निरोप सांगितला नाही. वर्षं गेली. आजही त्या लॉनला पाणी अमोलच्याच पाइपातून येतं आणि हे घरात फक्त मला ठाऊक आहे.

आता नातीचं लग्न ठरलंय. संतोष-मनीषाची थोरली. आमच्याच लॉनवर. तुम्हाला माहीत आहे, नवरीला मांडवात मामा घेऊन येतो, अक्षता पडेपर्यंत तिच्या पाठीशी मामा उभा राहतो. काल मनीषा माझ्यासमोर येऊन बसली. पोळपाट पुढं होता, हात पिठाचे होते. म्हणाली, "आत्या, मामा म्हणून कुणाला हुबं करायचं? अमोलला बोलावू का? यांची समजूत तुमी घातली तर... झालं गेलं लई वर्सं झाली. मी त्याला माफ केलंय."

तिनं त्याला माफ केलंय.

घरात आम्ही दोघीच होतो. याहून चांगली वेळ मला मिळणार नव्हती, हे मला कळत होतं. मग मी म्हणाले, "कशाला जुनं उकरायचं? चुलत मामा चालतो."

ती "बरं" म्हणाली आणि पोळी लाटायला लागली.