आकृती चारमधली सुई

आमचे भावोजी, म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान, आयुष्यभर दुसऱ्यांच्या डोक्यातल्या वस्तू कागदावर उतरवत आले. कुणी काही नवं शोधून काढलं की तो माणूस पेटंट घ्यायला वकीलसाहेबांच्या ऑफिसात येई. मजकूर वकीलसाहेब लिहीत आणि चित्रं भावोजी काढत. या चित्रांना सावली नको, रंग नको, नटवणं तर अजिबात नको. काळी रेघ, आणि प्रत्येक भागापाशी एक आकडा. ती वस्तू चालते कशी आणि कशासाठी, याच्याशी भावोजींना काही कर्तव्य नव्हतं.

"भावोजी, हे यंत्र करतं काय?" मी विचारायची.

"करत असेल काहीतरी. दिसतं कसं तेवढं मला विचार."

ऑफिसात त्यांना रेघोबा म्हणत. तोंडावर म्हणत, आणि त्यांना ते आवडे. सरळ रेघ हा त्यांचा जीव की प्राण. माझ्या नाटकाला आले की पहिल्या रांगेत बसत. तिसऱ्या अंकात मी विष पिऊन मरायची, थिएटरभर हुंदके, आणि पडदा पडल्यावर भावोजी मेकअपच्या खोलीत येऊन सांगायचे, "तुमच्या त्या खिडकीची चौकट उजवीकडे उतरलीये. सांग कुणाला तरी." मी कशी मेले, ते त्यांनी एकदाही विचारलं नाही. तरी मला त्यांचा राग येत नसे. टाळ्या वाजवणारे पुष्कळ भेटले. चौकट बघणारे तेवढे एकच.

साठी उलटली तरी वकीलसाहेबांनी त्यांना सोडलं नाही. कॉम्प्युटरवर चित्रं काढायची सोय केव्हाच आली होती, पण वकीलसाहेबांचा जीव भावोजींच्या हातात अडकलेला. त्यामुळे कॉम्प्युटरच्या मेमरीच्या एका नव्या शोधाचं चित्रही हातानंच निघत होतं. मेमरी म्हणजे, भावोजींच्या लेखी, चौकोन. आडव्या रेघा, उभ्या रेघा, आणि त्यांच्यामध्ये अगणित बारीक घरं. हे काम ते डावा डोळा मिटून करत. ही त्यांची तरुणपणापासूनची सवय. उजवा डोळा कामाचा, डावा घरचा, असं म्हणायचे.

त्या मेमरीत एके दिवशी खड्डा पडला. कागदाच्या मधोमध चौकोन खाली दबले, सैल खाटेवर कुणी बसून उठावं तसे. भावोजींनी कागद फाडला आणि नवा घेतला. पुन्हा तेच. मग त्यांनी पट्टी उन्हात धरून बघितली आणि तडक स्टेशनरीच्या दुकानात गेले. मी त्या दिवशी त्यांच्याकडेच उतरले होते, म्हणून मीही बरोबर.

"ही पट्टी वाकडी आहे," भावोजींनी पट्टी काउंटरवर आपटली.

दुकानदारानं ती उचलली, डोळ्यापाशी धरली, काउंटरच्या काचेवर सपाट ठेवली. "काका, सरळ आहे."

"तुमची काचच मधे बसलीये. तिच्यावर काय कळणार?"

"लाकडी दिली, ती परत. प्लास्टिकची दिली, ती परत. ही स्टीलची. आता काय सोन्याची घडवून देऊ?"

"सोनं मऊ असतं," भावोजी गंभीरपणे म्हणाले. "आणखी वाकेल."

दुकानदारानं माझ्याकडे बघून हात जोडले. मी मान खाली घातली. असे प्रसंग रंगमंचावर मी पुष्कळ निभावलेत, पण तिथं आधी तालीम असते.

पट्ट्यांवरचा विश्वास उडाला तसे भावोजी नुसत्या हातानं आणि नजरेनं रेघा मारू लागले. जिथं रेघ दबलेली दिसे तिथं ती अंमळ उचलून काढायची, म्हणजे सरळ दिसे. त्यांना. कारखान्यातल्या बॉयलरचं तापमान आपोआप सांभाळणाऱ्या एका पेटीचं चित्र त्यांनी असंच काढलं. पेटीतल्या साऱ्या तारा मधोमध आल्या की कशाला तरी वळसा घालून जात, रस्त्यात म्हैस बसावी तशा.

पेटी शोधणारे इंजिनीयर ऑफिसात आले. "या तारा कशाला वळसा घालतायत?"

आमच्या ऑफिसची चूक झाली, हे वाक्य वकीलसाहेबांनी जन्मात उच्चारलं नव्हतं. "मोकळी जागा सोडलीये," ते म्हणाले.

"कशासाठी?"

"हवा खेळायला."

इंजिनीयर विचारात पडले. वकीलसाहेबांनी लगेच त्या मोकळ्या जागेला भाग क्रमांक सत्तेचाळीस देऊन टाकला, मजकुरात चार ओळी वाढवल्या, आणि पेटंट मंजूर झालं. जिथं काहीच नाही त्यालाही. पुढं इंजिनीयरांनी पेटी तशीच बनवली आणि कळवलं की आता ती कमी तापते.

झालं! भावोजींच्या उजव्या डोळ्याला शिंगं फुटली. "बघितलंस? मला आतून कळलं होतं," ताईला म्हणाले.

"आतून कळलं होतं तर काल आमटीच्या वाटीत चहा का ओतलात?" ताई म्हणाली.

ताईला मात्र खरंच कळलं होतं. तिनं दुसऱ्या दिवशी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं. चष्म्याचा नंबर बघायचाय, एवढंच सांगून. डॉक्टर तरुण बाई होत्या, शांत. त्यांनी भावोजींच्या हातात एक कार्ड दिलं. पांढऱ्या कार्डावर काळ्या रेघांचे चौकोन, मधोमध एक ठिपका.

"डावा डोळा झाका, आणि ठिपक्याकडे बघा. काय दिसतं?"

"मेमरी."

"काय?"

"कॉम्प्युटरची मेमरी. पण काढणारा शिकाऊ दिसतो. मधली घरं दबलीत."

"बरं. आता उजवा झाका."

"आता ठीक आहे. पण डाव्याचं काही धरू नका, डॉक्टर. तो भोळा आहे. त्याला सगळंच चांगलं दिसतं. चूक पकडतो तो उजवा."

डॉक्टरांनी ताईकडे पाहिलं. ताई म्हणाली, "लग्नापासून असंच आहे."

मग औषधाचे थेंब झाले, यंत्रं झाली, फोटो झाले. उजव्या डोळ्याच्या पडद्याला मधोमध सूज होती. खालच्या बारीक रक्तवाहिन्या गळत होत्या. "डोळ्यात इंजेक्शन द्यावं लागेल," डॉक्टर म्हणाल्या. "दर महिन्याला एक, निदान काही महिने. आणि लवकर सुरू करायला हवं. उशीर केलात तर मधलं दिसणं जाईल. गेलेलं परत आणता येत नाही."

"कशानं देता?" भावोजींनी विचारलं.

डॉक्टरांनी सांगितलं. पेनाएवढं उपकरण असतं, ते डोळ्यावर बरोबर जागी टेकतं, सुई ठरलेल्या खोलीपलीकडे जात नाही.

"त्याला खाली गोल कडं असतं? आणि बाजूला अडसर?"

"हो! तुम्हाला कसं माहीत?"

"मी काढलंय ते," भावोजी म्हणाले, आणि छत्री उचलून चालू लागले. ताई मागं धावली, तोवर ते जिना उतरले होते.

आता या उपकरणाची हकिगत सांगायला हवी, कारण तिच्यात माझाही सहभाग आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी त्याच्या पेटंटची चित्रं भावोजींकडे आली होती. आडवा पडलेला रुग्ण हवा होता, म्हणून त्यांनी मला सोफ्यावर निजवलं. मी डोळे किंचित मिटले, ओठ किंचित थरथरवले, एक हात खाली सोडला.

"भाव नकोत," भावोजी म्हणाले.

"अहो, डोळ्यात सुई जाणार आहे ना माझ्या?"

"तुझ्या नाही. बावीस नंबरच्या."

तो बावीस नंबर मी. नाक माझं आहे, बघणाऱ्याला ओळखू येतं. ती झाली आकृती तीन. आकृती चारमध्ये नुसती सुई. खरी सुई केसासारखी. पण तिची आतली पोकळी आणि अडसर दाखवायचा, म्हणून ती मोठी करून काढायची होती. भावोजींनी ती काढली नळाच्या पाइपाएवढी. किती दिवस ती त्यांच्या टेबलावर, डोळ्यांपुढं होती. खरी सुई त्यांनी कधी बघितलीच नाही. बघायची गरजही नव्हती. दिसते कशी हे त्यांना पाठ होतं.

आणि आता ती सुई त्यांच्या डोळ्यात जाणार होती. त्यांची पाचावर धारण बसली. पण भितो म्हणायची सोय नव्हती, म्हणून म्हणू लागले, की डोळा बराच आहे, बिघडल्यात त्या पट्ट्या.

दिवस चालले होते. ताईनं मला फोन केला. "तू ये. तुला बोलता येतं."

मी गेले. स्वयंपाकघरातल्या टेबलापाशी उभी राहून बोलले. मनापासून बोलले, आणि सवयीनं शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल असं बोलले. अंधार म्हणजे काय, प्रकाश म्हणजे काय, आपली माणसं म्हणजे काय. समोरच्या बिऱ्हाडानं दार उघडून विचारलं, काही झालं का.

"पुरे गं," ताई म्हणाली. "आम्ही तिकीट काढलेलं नाही."

भावोजी उठले. "तुम्हाला दोघींना कल्पनाच नाही," असं म्हणून आतून एक कागदाची गुंडाळी घेऊन आले. आकृती चारचा मूळ कागद. टेबलावरच्या बशा सरकवल्या, कागद पसरला, कोपऱ्यांवर पेले ठेवले. "ही बघा. ही घालणार ते. डोळ्यात! माणसाच्या!"

खरोखरच ती सुई अंगावर काटा आणणारी होती. भावोजींनी डावा डोळा मिटला आणि बोटानं आकडे दाखवू लागले. एकेचाळीस, पोकळी. बेचाळीस... बोट थांबलं.

"याला कुणी हात लावला?"

"कुणी नाही," ताई म्हणाली.

"सुई वाकलीये."

"कुठं? सरळ तर आहे."

मी म्हटलं, "सरळ आहे, भावोजी."

"कागदाला ओल लागली असेल." त्यांनी तळहातानं कागद दाबला, खिडकीपाशी नेला, उलटा करून पाहिला, पुन्हा पसरला. मग खाली वाकले. डावा मिटला, उजवा मिटला. परत डावा, परत उजवा. मी जन्मभर थांबण्याचं काम केलंय. कुठं किती थांबायचं यावर माझी भाकरी होती. पण इतका वेळ थांबलेला माणूस मी पाहिला नव्हता.

आम्हाला दिसत होतं त्यांचं काय चाललंय ते. पट्ट्या दुकानदाराच्या होत्या. कार्ड कुण्या शिकाऊचं होतं. पण ही रेघ त्यांची होती, हात भरात असतानाची. एक तर रेघ वाकडी, नाहीतर डोळा खोटा. रेघही सरळ आणि डोळाही खरा, असं दोन्ही ठेवता येत नव्हतं.

भावोजी ताठ उभे राहिले. चेहरा लालबुंद. "मी वाकडी रेघ मारलेली नाही," ते म्हणाले. "तेव्हाही नाही आणि कधीच नाही. हा उजवा थापा मारतोय!"

"मग काय करायचं?" ताईनं अगदी हळू विचारलं.

"करायचं काय? टोचा त्याला. चांगला टोचा."

कुणी आयुष्यात इंजेक्शनला इतक्या रागानं गेलं नसेल. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये ताई आणि मी बाकावर बसलो. ताई माझा हात इतका घट्ट धरून होती की माझ्या बांगड्या तिच्या बोटांवर उमटल्या. थोड्याच वेळात भावोजी बाहेर आले, उजव्या डोळ्यावर झाकण, तोंड उतरलेलं.

"दुखलं?" आम्ही दोघी एकदम.

"दुखायला काय? थेंब घालून बधिर केलं. सुई दिसलीसुद्धा नाही!" त्यांना मनापासून वाईट वाटलं होतं. "म्हटलं, दाखवा. दाखवली. म्हटलं, कुठाय? म्हणाल्या, ही काय हातात. इतकी बारीक काढली असती तर वकीलसाहेबांनी कागद तोंडावर फेकला असता."

पहिल्या इंजेक्शननं काही झालं नाही, उलट डोळ्यापुढं काळे ठिपके तरंगू लागले आणि भावोजींनी त्यांना मनातल्या मनात नंबर दिले. दुसऱ्यानंतर ठिपकेही गेले आणि खड्डा उथळ झाला. डॉक्टर म्हणाल्या, वेळेवर आलात, पण पूर्वीसारखं सगळं होईल असं मी सांगणार नाही. वकीलसाहेबांनी मेमरीचं काम दुसऱ्या कुणाला कॉम्प्युटरवर करायला दिलं. भावोजी दोन दिवस जेवले नाहीत, तिसऱ्या दिवशी जाऊन त्या माणसाच्या चुका काढून आले.

तिसऱ्या इंजेक्शननंतरची सकाळ. मी टेबलापाशी चहा घेत होते. ताई भिंतीवरच्या आरशासमोर केस विंचरत होती. भावोजी कपबशी हातात धरून तिच्याकडे बघत होते, डावा डोळा मिटून. चहा कधीच निवला होता.

"तुझा भांग सरळ आहे," ते म्हणाले.

"असणारच. रोज असाच पाडते."

"वर्षभर वाकडा होता. मधेच उजवीकडे जायचा."

ताई आरशातूनच त्यांच्याकडे बघत राहिली. "वर्षभर? आणि बोलला नाहीत?"

"म्हटलं, वय झालं तुझं. हात कापत असेल."

"त्या पट्टीवाल्याचं दुकान डोक्यावर घेतलंत! डॉक्टरांच्या कार्डाला नावं ठेवलीत! आणि मला एका शब्दानं नाही?"

भावोजींनी कप बशीत ठेवला. "पट्ट्या त्याच्याकडे आणखी होत्या," ते म्हणाले.

पाडलेला भांग ताईनं मोडला आणि फणीचं टोक कपाळाच्या मधोमध टेकवून, सावकाश, पुन्हा पाडू लागली.