हॉलमध्ये कोणी नाही

हॉलमधून बटण बंद केल्याचा 'टक्' आवाज आला आणि लॅपटॉपवर माझ्या विद्यार्थ्यांचे चेहरे थिजले. आतल्या खोलीत माझा भूमितीचा ऑनलाइन तास चालला होता. पलीकडून लेक ओरडली; नवरा त्या दिवशी ऑफिसला गेला होता. आमच्या तिघांच्या कॉम्प्युटरना नेट पुरवणारा राउटर हॉलमध्ये टीव्हीशेजारी आहे, आणि माझे सासरे, नाना, फिरायला निघाले होते. "हॉलमध्ये कोणी नव्हतं, म्हणून बंद केलं," चपला घालत ते म्हणाले.

खोलीतून उठलं की दिवा बंद, पंखा बंद, ही त्यांच्या हाताची जुनी सवय. त्याचा राग नाही. डोकं फिरतं ते पुढच्या गोष्टीनं. नवरा घरून काम करत असला की हेच नाना बटणाला हात लावण्याआधी हाक मारतात, "तुझं चालू आहे का रे?" मला अशी हाक आजवर आली नाही. आपल्याकडे घरातली माणसं मोजायची ती हॉलमध्ये बसलेली. आत कुणी भाकऱ्या थापो नाहीतर भूमिती शिकवो, हॉल रिकामा म्हणजे घर रिकामं!

आज मी मुद्दाम हॉलमध्ये, राउटरला खेटूनच बसले. तास रंगात आला होता. नाना काठी घेऊन आले. त्यांनी दिव्याकडे पाहिलं, पंख्याकडे पाहिलं, राउटरच्या बटणावर बोट ठेवलं आणि मलाच विचारलं, "आता इथे कोणी बसत नाही ना गं?"