अळूखालचे निळे दाणे

माझा राग आमच्या वाडीला पाठ आहे. पावसात शंख्या निघाल्या की तोही निघतो. शंख्या म्हणजे मोठ्या शंखाच्या गोगलगायी, एका रात्रीत अळूच्या पानांची चाळण करून ठेवतात. मी संध्याकाळी बादलीत मिठाचं पाणी घेऊन त्या एकेक वेचते, आणि वेचताना जे बोलते ते इथे लिहिण्यासारखं नाही.

त्या वाढल्या माझ्याच लाडांमुळे, असं आमच्या ह्यांचं म्हणणं. आमचं परसू म्हणजे मूळचा कातळ. त्यावर वर्षानुवर्षं शेण, राख आणि पातेरा घालून मी हातभर माती उभी केली. झाडाखालच्या सुक्या पानांचा हा पातेरा वाफ्यावर पसरला की माती भुसभुशीत राहते, गांडुळं सुखात नांदतात. आणि शंख्याही. "पातेरा काढून टाक, शंख्या जातील," हे म्हणतात. मग गांडुळांनी कुठे जायचं, एसटीने रत्नागिरीला?

हा सगळा खटाटोप मुख्यतः शेजारच्या काकीसाठी. काकी एकटी राहते आणि ऋषिपंचमी धरते. त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं काही खायचं नाही, हाताने खणून पिकवलेली भाजीच खायची. आता वाडीत बैल उरलेत कुठे? टिलर चालेल का, असं मी एकदा विचारलं, तर काकी गंभीरपणे म्हणाली, "राबतो, दमतो, धूर सोडतो. म्हणजे बैलच तो." झालं, कुदळ माझ्या हातात आली. बायकांच्या विटाळाचं पाप फिटावं म्हणून हे व्रत, हे कारण ऐकलं की माझं डोकं फिरतं, आणि तसं मी काकीला तोंडावर सांगितलंय. पण बाजारची फवारलेली भाजी ती पंचमीला तोंडात घालत नाही. माझी भाजी नसली तर कडकडीत उपास, आणि तोही या वयात, साखरेचा आजार असताना. म्हणून अळू वाचलंच पाहिजे, आणि विष न घालता वाचलं पाहिजे.

गेल्या वर्षी पाऊस हटायचं नाव घेत नव्हता. गणपती तोंडावर आले आणि अळूची नुसती जाळी उरली. एका संध्याकाळी माझी कंबर इतकी धरली की मी बादली आपटली. "बस्स झालं! पुढल्या वर्षी एक बी लावणार नाही. खा मेल्यांनो, सगळं खा!" आमच्या दोन घरांमधल्या दगडी गडग्यापलीकडे काकी तुळशीला दिवा लावत होती.

चतुर्थीला घर पाहुण्यांनी भरलेलं. मोदकांच्या गडबडीत शंख्या वेचायला फिरकलेच नाही. पंचमीला सकाळी भर पावसात वाफ्याच्या अलीकडच्या कडेचं धड होतं तेवढं अळू भसाभस कापलं, सोबत माठ आणि भेंडी घातली, आणि टोपली गडग्यावरून काकीच्या हातात दिली. मग पडवळ राहिलं म्हणून परत वळले.

वाफ्याच्या पलीकडच्या बाजूला शंख्या मरून पडल्या होत्या. शंखाबाहेर लोंबलेल्या, फेसाळलेल्या. क्षणभर मला आनंदच झाला, खोटं कशाला सांगू? मग पातेऱ्यात निळे दाणे दिसले. तांदळाएवढे, पावसाने विरघळत चाललेले. अळूच्या देठांवर निळे ओघळ होते. आमच्याकडे रोज भारद्वाजाची जोडी शंख्या खायला येते. त्यातला एक तिथेच एका मेलेल्या शंखीला टोचत होता. मी टाळ्या वाजवल्या, ओरडले. तो चोचीत काहीतरी घेऊन झुडपात शिरला.

"अहो! हे तुम्ही टाकलंत?"

पडवीत ह्यांच्या तोंडात ब्रश होता. मान नाही म्हणून हलली. आणि मला एकदम टोपली आठवली.

गडगा कसा ओलांडला देव जाणे, गुडघा खरचटला ते नंतर कळलं. काकीच्या चुलीवर पातेलं रटरटत होतं. ती उपाशीपोटी पळी घेऊन समोर बसलेली.

"काकी, खाल्लंस काय?"

"अजून नैवेद्य व्हायचाय गो. असं काय झालं?"

मी पदराने धरून पातेलं खाली उतरवलं. हात भाजला. "अळूत विष आहे. कोणीतरी शंख्या मारायच्या गोळ्या टाकल्यात."

काकी पळीकडे बघत राहिली. "विष कसलं? दुकानदाराने सांगितलंन, फक्त शंख्या मरतात. मीच आणवल्या भाच्याकडून. काल तुमच्याकडे आरती चालू होती तेव्हा टाकल्या."

माझं तोंड सुटलं ते सुटलंच. इतकी वर्षं मी कंबर मोडून वाकते ती कोणासाठी? आणि तुझ्याच पानात जाणाऱ्या भाजीत तूच विष घातलंस?

तिने सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाली, "तू ओरडलीस ना त्या दिवशी. पुढल्या वर्षी लावणार नाही म्हणालीस. मला वाटलं, शंख्या गेल्या तर लावशील."

मी पातेलं उचललं आणि बाहेर पडले.

लांब खड्डा काढून ते भाजीसकट पुरलं. मांडवावरचं पडवळ तेवढं वाफ्यापासून दूर होतं. त्याचीच भाजी, मीठ आणि हिरवी मिरची घालून. तोवर दुपार टळली होती. काकीला घाम फुटला होता, हात थरथरत होते. मी ताट पुढे सरकवलं, तर बाईने त्यावर हात आडवा धरला.

"आधी सांग. लावशील ना?"

"काकी, आधी खा!"

"सांग गो."

अशी हट्टी बाई! मला संताप आला आणि रडूही आलं. "लावीन, लावीन! पण शंख्या वेचायला तू यायचंस. आणि मी काय बोलेन ते मुकाट ऐकायचंस." मग तिने घास घेतला.

त्या वाफ्याची वरची माती मी खरवडून काढली. एवढ्या वर्षांत जमवलेली माती घमेल्यात भरताना जीव तुटला.

या वर्षी काकी रोज संध्याकाळी येते. गुडघ्यावर हात टेकून एकेक शंखी बादलीत टाकते आणि माझ्या शिव्या ऐकते. अळू चांगलं पोसलंय. भारद्वाजही येतो, पण एकटाच. तो गडग्यावर उतरला की काकी वेचायची थांबते, आणि तो जाईपर्यंत त्याच्याकडे पाठ करून उभी राहते.