कूलरसमोरचा लॅपटॉप

मी तुमसरला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवते. नवीन गिऱ्हाईक दारात उभं राहून आधी विचारतं, "बाई, मिस्त्री कधी येईल?" मिस्त्री मीच आहे हे पटायला त्याला थोडा वेळ लागतो. तेवढ्यात मी त्याच्या लॅपटॉपचे स्क्रू काढलेले असतात.

माझी धाकटी नणंद करडीला दिलेली. लग्नाआधी ती शाळेत गणित शिकवायची. पोरं शिकायला बाहेर गेली आणि तिला पुन्हा शिकवायची हौस आली. एका ऑनलाइन शिकवणीवाल्या कंपनीनं नमुना तास घ्यायला सांगितला. त्या तासात लॅपटॉप असा अडकला की पडद्यावर बराच वेळ तिचं उघडं तोंडच दिसत राहिलं. कंपनीनं आणखी एकच संधी दिली, शनिवारी दुपारी चारला.

शनिवारी सकाळी तिचा फोन आला.

"वयनी, लौकर ये. हा तं कालपासून मुंगीवानी चालून राहिला."

"काल काय केलंस त्याला?"

"मी कायले करू? यायनं अपडेट केलं."

'यायनं' म्हणजे आमच्या जावईबापूंनी. व्हिडिओ पाहून त्यांनी लॅपटॉपचं फर्मवेअर बदललं होतं. फर्मवेअर म्हणजे मशीन सुरू होताना सगळ्यात आधी जागा होणारा प्रोग्राम. तो सहसा कोणाच्या वाट्याला जात नाही, आणि कोणी त्याच्या वाट्याला जाऊही नये.

मे महिना होता. आमच्याकडे उन्हाळ्यात घरातला मान कूलरसमोर कोण बसतं त्यावरून कळतो. आधी जावई, मग म्हातारी माणसं, उरलेल्यांनी भिंतीला टेकावं. दुकान आटोपून मी दुपारी पोचले तर कूलरच्या अगदी तोंडाशी, स्टुलावर, लॅपटॉप विराजमान. नणंदेचे सासरे उघड्या अंगानं कोपऱ्यात पेपरनं वारा घेत होते.

"मामाजी, तुमची जागा?"

"त्याले ताप येते म्हणे. मंग देली त्याले. हिची नोकरी हाय न."

मी लॅपटॉपचं मागचं झाकण उघडलं. आतल्या पंख्याच्या पात्यांमध्ये कूलरच्या ताटीचं गवत आणि ओली धूळ मिळून चांगला जाड नमदा झाला होता. प्रोसेसर फार तापला की जळू नये म्हणून आपणच वेग कमी करतो. कूलरची हवा थंड, पण ओली आणि भुसकटानं भरलेली. यांनी पाहुणचार केला आणि पाहुण्याचं नाक बंद झालं.

ब्रशनं सगळं काढलं. तापमान उतरलं, वेग मात्र तळालाच.

"अपडेटनं विमान व्हायले पाहिजे होतं," जावईबापू म्हणाले.

"झालं की. धावपट्टीवरून हलत नाही, एवढंच."

मी चार्जरची पिन काढून पाहिली. वेग एकदम वर. लावली, पुन्हा खाली.

"हा चार्जर कुठला?"

"ओरिजिनल उंदरानं खाल्ला. घरात धानाची पोती, उंदीर तं राहतेच. हा बाजारातून आणला."

जुनं फर्मवेअर त्या चार्जरकडे काणाडोळा करत होतं. नव्यानं त्याला ओळख दाखवायलाच नकार दिला. अनोळखी चार्जर दिसला की हे प्रोसेसरला दाबून धरणार आणि बॅटरीही भरू देणार नाही.

"मंग जुनंच टाक न परत," नणंद म्हणाली.

"या मशीनमध्ये मागे जाता येत नाही, बाई."

खरा चार्जर भंडाऱ्यातच मिळाला असता आणि तीन वाजून गेले होते. बॅटरी म्हातारी, तीही अर्धीच भरलेली. तास तिच्यावरच घ्यायचा ठरला. मी पडद्याचा उजेड कमी केला, बाकी सगळं बंद केलं, खालून हवा जावी म्हणून लॅपटॉप दोन उपड्या वाट्यांवर ठेवला. माइकमध्ये आवाज जाईल म्हणून कूलरही बंद केला. खोलीची भट्टी झाली.

"नोकरी हिची, भाजून आमी निंगालो," मामाजी म्हणाले.

चार वाजता पडद्यावर आलेला कंपनीचा परीक्षक चांगला मिशीवाला माणूस होता, पण सहावीतला मुलगा होऊन बसला होता. "मिस, अर्ध्यात पाव मिळवला. वर एक आणि एक दोन, खाली दोन आणि चार सहा. मग उत्तर दोन षष्ठांश का नाही?"

मी बॅटरीच्या आकड्याकडे बघत होते. नणंदेनंही तो पाहिला, पण घाई केली नाही. "दोन षष्ठांश म्हणजे पोळीचा तिसरा हिस्सा. तू आधी अर्धी पोळी खाल्लीस, मग आणखी पाव खाल्लीस. सगळी मिळून अर्ध्याहून कमी कशी झाली?"

"हो न!" मागून मामाजी ओरडले. मी डोळे वटारले.

बॅटरीचं चिन्ह लाल झालं. तिनं पोळीचे चार तुकडे करून दाखवले, त्यातले तीन उचलले, आणखी एक गणित सोडवून घेतलं. ती 'धन्यवाद' म्हणत असतानाच पडदा काळा झाला. तिनं कपाळावर हात मारला. मी म्हटलं, "तास झाला होता, बाई. फक्त आभार राहिले." तिला ते पटलं नाही.

आम्ही घाम पुसत बसलो, कूलर लावायचंही कोणाला सुचलं नाही. मग कंपनीचा फोन आला. सोमवारपासून या म्हणाले, आणि मागे दुसरा विद्यार्थी बसला होता का, असंही विचारलं.

"सासरे आहेत," ती म्हणाली. "त्यांना समजलं."

जावईबापू चार्जर आणायला भंडाऱ्याला निघाले. मी चहाची वाट पाहत पदरानं वारा घेत होते, तोवर ती गणिताचं पुस्तक उघडून बसलीही होती.

"वयनी, आता तू निंघ बरं. मले सोमवारची तयारी कराची हाय."